वाटून घेतलेलं दुखणं

मालन तोडकरच्या कंबरेतली कळ मेडिकलच्या एका मुलानं ओंजळीत काढून घेतली आणि एप्रनच्या खिशात ठेवली, तेव्हा पॅलिएटिव्ह वॉर्डात कुणाला नवल वाटलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. उपळेकर मॅडम म्हणाल्या, “छान. आता पुढचा.”

मालनला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. कंबर दुखायची थांबली आणि तिला खिडकीबाहेरचे कावळे ऐकू आले. चांगले मोठ्यानं ओरडत होते. वाघमोडे सिस्टर म्हणाल्या, ते रोजच ओरडतात.

मालन एसटीत कंडक्टर होती. तालुक्याच्या गाडीवर तिनं उमेदीची वर्षं घालवली होती. कुणी अंगाला अंग घासलं तर चारचौघांत खेकसायची, आणि म्हातारं माणूस चढलं तर हात धरून आत घ्यायची. नवरा लवकर गेला, तरी गाडी सोडली नाही. मग छातीत गाठ निघाली. ती काढली, वर्षभर बरं गेलं, ती पुन्हा ड्यूटीवरही गेली. आणि मग दुखणं हाडांत उतरलं. कंबर, मांडी, पाठीचे मणके. मोठ्या डॉक्टरांनी आपापसांत इंग्रजीत बोलून घेतलं आणि तिला मेडिकल कॉलेजच्या या वॉर्डात धाडलं.

इथं काय करतात ते तिला उपळेकर मॅडमनी सांगितलं. स्टूल ओढून त्या तिच्या डोक्याशी बसल्या, हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, आणि म्हणाल्या, “मालनताई, हा आजार बरा होणार नाही. पण दुखणं कमी होईल. ते मी बघते.” इतकं सरळ तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. ती रडली, मॅडम गप्प बसून राहिल्या, उठून गेल्या नाहीत. त्या दिवसापासून मालनचा मॅडमवर जीव बसला.

मॅडम शिकवत होत्या तो विषय कॉलेजात नवीन होता. बाकीचे डॉक्टर त्याला मरायला टेकलेल्यांचा तास म्हणत. मॅडम मुलांना सांगायच्या, “आपण दुखणं नाहीसं करत नाही. वाटून घेतो. आणि ते हिसकावून घेता येत नाही. विचारावं लागतं.”

विचारायची रीत होती. उभ्यानं विचारायचं नाही. घड्याळ हाताला नको, फोन हातात नको. स्टुलावर बसायचं, डोळे पेशंटच्या डोळ्यांच्या खाली येतील असं. मग विचारायचं, “मावशी, दुखतंय ना? कसं दुखतंय?” आणि मग गप्प बसायचं. या गप्प बसण्यातच सगळं होतं. मधेच कुणी खोकला, पेनचं टोपण उघडलं, मनातल्या मनात का होईना पुढचा प्रश्न जुळवला, की दुखणं आत सरकायचं आणि दिवसभर वर यायचं नाही.

हुक्केरी नावाचा उंच मुलगा होता, तेजस हुक्केरी, त्याला काही केल्या जमेना. तो विचारायचा आणि पाय हलवत बसायचा.

“गाडी किती वाजता हाय, असं विचारल्यागत विचारतोस की रं,” मालन म्हणाली.

“मग कसं विचारू, मावशी?”

“मला काय ठावं. पर मी सांगेन आणि तू ऐकशील, असं तुला वाटतंय का आदी?”

हुक्केरी विचारात पडला. त्याला तसं वाटत नव्हतं. मग तो नुसताच बसला, बराच वेळ, आणि विचारायचं विसरून गेला, आणि तेव्हाच मालनच्या मांडीतली कळ दोरीसारखी लांबच्या लांब बाहेर आली. कोमट होती, ओल्या कणकेसारखी हाताला लागणारी. त्यानं ती घाबरत मनगटाला गुंडाळली. दुसऱ्या दिवशी तो लंगडत वॉर्डात आला आणि आल्या आल्या मालनकडं बघून हसला.

अशी एकेकानं एकेक नेली. ज्याच्याकडं कंबर गेली त्याला लेक्चरला बसवेना. जिच्याकडं बरगड्या गेल्या ती हसायची बंद झाली, कारण हसलं की लागायचं. मॅडम त्यांना विचारायच्या, “आता कळलं?” मुलं म्हणायची, हो मॅडम. बॅच मोठी होती, त्यामुळं वाट्याला आलेलं कुणाला जड गेलं नाही. घरातल्या कुणीतरी आंघोळीचं पाणी उचलून द्यावं, इतकंच ते वाटायचं.

उरली ती पाठीतली. ती पहाटेची कळ होती, मालनला सगळ्यांत भिववणारी. तिला तांबडं फुटायच्या आधी जाग यायची ती याच कळीनं, आणि त्या वेळी हाक मारावी तर वॉर्ड झोपलेला. ती कुणाला द्यायचं मालनच्या मनात नव्हतं. पण सानिया मुजावर नावाची एक बुटकी, चष्मेवाली मुलगी रोज येऊन बसायची. विचारायची आणि गप्प राहायची. मालननं तिला गाडीच्या गोष्टी सांगितल्या, डेपोतल्या सांगितल्या, नवऱ्याच्या सांगितल्या. एके दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि सानिया तरी बसूनच होती. तेव्हा ती कळ निघाली. काळी होती, आणि वरवंट्याइतकी जड. सानियानं ती ओढणीत घेतली, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिना उतरली.

“जड हाय गं,” मालन मागून म्हणाली.

“असू दे, मावशी.”

मग काही आठवडे मालनचे असे गेले, की तिला स्वतःचाच हेवा वाटावा. गोळ्या सुटल्या. ती वॉर्डभर फिरायची, शेजारच्या म्हातारीची वेणी घालायची, सिस्टरांच्या डब्यातलं लोणचं मागून खायची. सानिया येऊन सांगायची, “तुमची कळ उशाशी घेऊन झोपते. पहाटे उठवते बरोबर.” मालन म्हणायची, “मग अब्यास कर की तेवड्यात.” आणि दोघी हसायच्या.

त्यातच तिची मुलगी सारिका बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर म्हणजे मालन, आणि मालन कॉटवर. सासरच्यांनीच केलं सगळं. मुलगी झाली. सारिकानं फोनवर बाळाचा आवाज ऐकवला. मालननं फोन कानाला इतका घट्ट धरला की कान लाल झाला.

“बारसं गुरुवारी हाय, आई. तू आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई म्हणून सांगितलंय मी घरात.”

मालन मॅडमकडं गेली. स्वतःच्या पायांनी चालत, जिना चढून, त्यांच्या खोलीपर्यंत गेली. मॅडमनी तिला दारात पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“जाल तुम्ही बारशाला,” त्या म्हणाल्या. “मांडीवर घ्याल नातीला. माझा शब्द.”

तेव्हापासून मालन रोज मांडी घालून बसायची आणि उशी मांडीवर घ्यायची. दुखत नव्हतं. आधी थोडा वेळ, मग जास्त वेळ. शेजारची म्हातारी एकदाच बोलली. म्हणाली, “उशीला मान नसते.” मालन म्हणाली, “मान धरायची मला सवय हाय.”

बारशाच्या दोन दिवस आधी मॅडम वॉर्डात आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

मालननं मांडीवरची उशी बाजूला ठेवली. “काय झालं?” ती म्हणाली. “सारिकाला काय झालं?”

“सारिका बरी आहे. परीक्षेबद्दल तुम्हाला कितपत ठाऊक आहे, मालनताई?”

मालनला ती रीत माहीत होती. वाईट बातमी द्यायच्या आधी माणसाला किती ठाऊक आहे ते विचारायचं. मॅडमनी तिच्याच कॉटपाशी उभं राहून ते मुलांना शिकवलं होतं.

“पोरांची परीक्षा हाय. सांगत हुती.”

“गुरुवारी आहे. सकाळी. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. आपला विषय पहिल्यांदाच परीक्षेत आलाय. आणि त्यासाठी दुखणारा पेशंट लागतो. तुमचं काहीच दुखत नाही.”

“मग दुसऱ्या कुणाला घ्या की.”

“बाकीचे कुणी बोलत नाहीत.”

मालननं वॉर्डभर नजर टाकली. खरंच, बाकीचे सगळे भिंतीकडं तोंड करून होते.

“केस दाखवता आली नाही तर डीनसाहेब वॉर्ड बंद करणार आहेत,” मॅडम म्हणाल्या. “इथं सांधे बदलायचा वॉर्ड होईल. तुमच्यानंतर जे येतील त्यांना जागा नाही राहणार. दोन तासांचं काम आहे. मुलं परत देतील, परीक्षा होईल, मुलं पुन्हा काढून घेतील. दुपारच्या गाडीनं तुम्ही जाल. संध्याकाळी बारसं.”

“न्हाई,” मालन म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्या गप्प बसल्या.

त्या गप्प बसण्यात इतक्या तरबेज होत्या की खिडकीबाहेरचे कावळेही थांबले. मालननं चादरीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मॅडम तिच्याकडं मायेनं बघत होत्या. त्या मायेत खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मालनला तोंड फिरवता येईना. आत कुठंतरी काहीतरी सैल झालं आणि वर यायला लागलं. या वेळी ती कळ नव्हती. तिच्याच तोंडातून शब्द आले.

“दोनच तास?”

“माझा शब्द,” मॅडम म्हणाल्या.

“तुमचा एक शब्द आदीच माज्याकडं हाय.”

“तोही पाळते,” मॅडम म्हणाल्या आणि घड्याळ हातात घालून गेल्या.

गुरुवारी सकाळी मालनची कॉट वॉर्डातून हलवून परीक्षेच्या खोलीत नेली. खोलीत दुसरं काही नव्हतं. एक दार, एक स्टूल, मधोमध कॉट. खिडकी होती, पण तिच्यासमोर फळा उभा केला होता. मालननं नवी कोरी साडी नेसली होती, बारशाला जायची. ती चुरगळू नये म्हणून ती ताठ बसली.

मुलं दाराबाहेर रांगेत उभी होती. इस्त्रीचे एप्रन, तेल लावून बसवलेले केस. पहिला हुक्केरी आला. स्टुलावर बसला, घड्याळ खिशात टाकलं, तिचा हात हातात घेतला. देताना म्हणायचं वाक्य वेगळं होतं, तेही मॅडमनीच शिकवलं होतं.

“मावशी, मी तुमच्यासोबत आहे.”

आणि त्यानं मनगटावरची दोरी सोडून तिच्या मांडीत परत घातली. मालननं ओठ दाबले. ती दोरी नेली तेव्हा बोटाएवढी होती, आता दोरखंडासारखी जाड झाली होती.

“हे एवडं माझं नव्हतं, पोरा.”

हुक्केरी खाली बघत म्हणाला, “माझ्या वडिलांनी घर सोडलं मधल्या काळात. आई फोनवर बोलत नाही, नुसती श्वास घेते. ते त्यालाच चिकटलं, मावशी. मला वेगळं करता आलं नाही.”

“जा,” मालन म्हणाली, कारण मागची मुलगी दारात उभी होती.

सगळ्यांचंच तसं झालं होतं. बरगड्या परत आल्या त्यांत एक मोडलेली सोयरीक होती. कंबरेत एका मुलाचा भाऊ होता, तो बोअरच्या पाइपानं मारायचा. एकीनं मानेत काहीतरी ठेवलं, ते काय आहे ते ती मुलगी सांगेना. मालनलाही ते समजलं नाही. नुसतं थंडगार लागलं आणि तिथंच राहिलं. सगळे तेच वाक्य म्हणत होते. सगळे तिचा हात हातात घेत होते. कुणी घाई केली नाही. घाईनं म्हटलं असतं तर ते आत गेलंच नसतं, हे मालनला ठाऊक होतं, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, घाई करा रं, कुणीतरी घाई करा.

शेवटी सानिया आली. ओढणीची गाठ पोटाशी धरलेली. मालनला वाटलं, ही काही देणार नाही. ही बसेल, हात धरेल आणि तशीच उठून जाईल. एकीनं नाही दिलं तर कुणाला कळणार होतं?

“सानिया,” ती म्हणाली.

“मावशी, आमची दादी गेली परवा. परीक्षा आहे म्हणून मला कुणी कळवलंच नाही. दफन करून झाल्यावर फोन आला.”

“अगं माझे बाई.”

मालननं तिच्या गालाला हात लावला. सानियाचा चष्मा धुरकटला. तिनं तो पुसला, पुन्हा घातला, आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “मावशी, मी तुमच्यासोबत आहे.” पूर्ण बॅचमध्ये ते वाक्य तिनं सगळ्यांत चांगलं म्हटलं. म्हणून ती कळ सगळ्यांत खोल गेली.

परीक्षक बारीक चणीचे, घारे डोळे असलेले गृहस्थ होते. पांढरा कोट त्यांना मोठा होत होता. ते एकेका मुलाला आत बोलवत आणि विचारत, “आधी काय कराल?” मुलगा बसे, विचारी, गप्प राही. मालन सांगे. सांगताना तिला दातावर दात धरावे लागत होते, पण मुलं नापास होऊ नयेत म्हणून तिनं सगळं नीट सांगितलं. कुठून सुरू होतं, कुठं जातं, कशानं वाढतं. कळ वर यायची तेव्हा मुलं ती हातात घेत नव्हती. नुसती बघत, परीक्षकांना दाखवत, आणि हळूच परत आत सारत. परीक्षेत एवढंच करायचं होतं.

सगळे पास झाले. परीक्षक मॅडमना म्हणाले, “उत्कृष्ट केस आहे. इतकं दुखणं एका माणसात मी पाहिलं नव्हतं.” मॅडमचा चेहरा उजळला. डीनसाहेब दारातून हात जोडून गेले. वॉर्ड राहिला.

मग मुलं कबूल केल्याप्रमाणं परत आली. निकालाचा आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. बाहेर कुणीतरी पेढे आणले होते. पहिली दोघं बसली आणि म्हणाली, “मावशी, दुखतंय ना?” आणि त्यांच्या खिशात फोन वाजले. कळ हलली नाही. पुढचा बसला तर त्याचं अर्धं तोंड पेढ्यानं भरलेलं. पुढची म्हणाली, “कसं दुखतंय?” आणि तिला स्वतःलाच हसू आलं, कारण सकाळपासून तिनं ते इतक्यांदा म्हटलं होतं. हुक्केरीनं मनापासून प्रयत्न केला. पण त्याची गाडी होती, घरी जायची, आणि त्याचा पाय हलायला लागला. तो स्वतःच्या पायाकडं बघत राहिला. “जमत नाही, मावशी,” तो म्हणाला. “सकाळी जमत होतं.”

वाघमोडे सिस्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. मालननं गिळल्या. काही झालं नाही. सिस्टर म्हणाल्या, “गोळ्या एका माणसापुरत्या आहेत, मालनताई. एवढ्या सगळ्यांना कशा पुरणार?”

मालननं सानियाला बोलावून घेतलं.

सानिया बसली. तिचा फोन वाजला नाही, तिला कुठं जायचं नव्हतं. तिनं विचारलं आणि ती गप्प राहिली. मालननं डोळे मिटले. पाठीतली ती काळी कळ उखडायला लागली, दादीसकट, एकेक मणका सोडत वर आली, कातडीपाशी आली, अर्धी बाहेर आली. मालनला इतकं मोकळं वाटलं की तिच्या तोंडून “आलं बघ, धर,” असं निघालं. तेव्हा सानियानं हात मागं घेतला.

कळ जागच्या जागी बसली.

“का गं?” मालन म्हणाली.

“मला माहीत आहे ते केवढं आहे,” सानिया म्हणाली. “आधी माहीत नव्हतं म्हणून घेतलं.”

“तू म्हनलीस, सोबत हाय.”

“आहे ना, मावशी. मी इथंच बसते. पण ते नका देऊ.”

ती खरंच तिथंच बसली, भिंतीला टेकून, ओढणीची टोकं हातात धरून. मालननं तिच्याकडं पाठ फिरवायचा प्रयत्न केला. पाठ फिरत नव्हती.

“मॅडमला बोलवा.”

मॅडम आल्या. त्यांच्या हातात हार होता, डीनसाहेबांनी घातलेला.

“मॅडम, आता तुमीच विचारा,” मालन म्हणाली. “साऱ्यांना तुमी शिकवलं. तुमी विचारलं तर निगंल. माजी गाडी हाय दुपारची.”

मॅडमनी हार खुंटीला लावला. स्टुलावर बसल्या. घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. मालननं अंग सैल सोडलं आणि वाट पाहिली. मॅडमनी पर्स बंद केली नाही. त्या आत हात घालून काहीतरी चाचपत राहिल्या.

“मालनताई,” त्या म्हणाल्या, “मी इतकी वर्षं शिकवते, पण मी कुणाचं कधी घेतलेलं नाही. मुलांना घ्यायला लावते. माझ्याकडं जागाच नाही.” त्यांनी पर्समधून बाहेर काढलेली मूठ उघडली. मुठीत बारीक बारीक, काळे, कठीण दाणे होते, चिंचोक्यांसारखे. “हे मी कुणाला दिलं नाही अजून. शिकवणाऱ्यानं द्यायचं नसतं. पण तुमच्यासारखं धरून ठेवणारं माणूस मला पुन्हा भेटायचं नाही.”

“मॅडम, नगा.”

“मी तुमच्यासोबत आहे,” मॅडम म्हणाल्या.

दाणे तिच्या बोटांच्या पेरांत शिरले. एकेका दाण्यात एकेक माणूस होतं, ज्याला मॅडमनी शब्द दिला होता. कुणाला गावाकडं पोचवायचा, कुणाचा मुलगा बोलवून आणायचा, कुणाला शेवटी एकटं न सोडायचा. मालननं बोटं मिटली, ती पुन्हा उघडली नाहीत. मॅडम उभ्या राहिल्या तेव्हा त्या तरुण दिसत होत्या. त्यांनी सानियाला खूण केली, सानिया उठली, आणि दोघी दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. लोकांना आत सोडायला कुणीतरी हवं होतं.

कारण परीक्षक परत आले होते. त्यांनी मोठा कोट काढून हातावर घेतला होता आणि त्यांची दुसरी मूठ बंद होती. “वेळ घेणार नाही,” ते म्हणाले आणि बसले. त्यांच्यामागं डीनसाहेब होते. त्यांच्यामागं वाघमोडे सिस्टर, तोंड दुसरीकडं करून. शेजारच्या कॉटवरची म्हातारी चालत आली होती, किती दिवसांनी. रांग दाराबाहेर गेली, जिन्यावरून खाली गेली, ओपीडीत जिथं लोक केसपेपरसाठी उभे होते तिथं ती रांग या रांगेला मिळाली. सगळ्यांच्या मुठी बंद होत्या. सगळे हळू आवाजात बोलत होते, रीतीनं बसत होते, कुणी घाई करत नव्हतं. जो उठे तो हलका होऊन जाई आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवी.

कॉट खाली खाली जात होती. तिचे पाय फरशीत रुतले होते. मालनला आता माणसांचे चेहरे दिसत नव्हते, गुडघे दिसत होते. पायजम्यांचे, साड्यांचे, एप्रनचे. नवी साडी कुठं चुरगळली ते बघायला मान वळत नव्हती. दुपारची गाडी गेली असणार. संध्याकाळची असते, ती म्हणत होती, संध्याकाळची एक असते, पण ते कुणाला ऐकू जात नव्हतं, कारण प्रत्येक जण तिच्याशी बोलत होता.

“आई.”

मालननं तो आवाज सगळ्यांतून ओळखला.

सारिका रांगेतून आली होती. ओली बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेला, खांद्याशी बाळ धरलेलं. “पाळणा बांधून बसलो आमी,” ती म्हणाली. “बाया आल्या, घुगऱ्या वाटल्या. तू आली न्हाईस. मग म्हणलं, बाळालाच घिऊन जावं.”

“आण,” मालन म्हणाली. “आण हिकडं. आदी हिकडं आण.”

तिनं हात उचलले. कसे उचलले ते तिचं तिला ठाऊक. एकेका हाताला पंचवीस माणसं लोंबकळत होती, तरी ते वर आले, आणि कोपरांत वाकले, जसे उशीसाठी वाकायचे. बाळ जागं होतं. काळेभोर डोळे, तीट लावलेली. ते मालनकडंच बघत होतं.

सारिका पुढं आली. मॅडमनी तिला स्टूल दिलं. ती हळूच, टाक्यांना जपत बसली. बसल्यावर तिनं हातातलं घड्याळ दातांनी सोडवलं आणि सानियाकडं दिलं.

“सारिका,” मालन म्हणाली.

“आई, मी तुझ्यासोबत हाय,” सारिका म्हणाली. तिनं बाळ डाव्या हातावर घेतलं आणि उजवी मूठ पुढं केली.